धीराला गाव असतं

कुकडीचा काठ, लाखो वर्षांपूर्वी

डोळे उघडा. तुम्ही उकिडवे बसला आहात. डाव्या हातात काळ्या पाषाणाचा गोटा आहे, उजव्या हातात त्याहून लहान. नेमक्या कोनात घाव बसला की पातळ ढलपी उडते आणि गोट्याला धार येते. या नदीला कुकडी आणि या जागेला बोरी म्हणायला अजून फार अवकाश आहे. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ याच काठावर, ज्वालामुखीच्या राखेच्या थरालगत, अशी हत्यारं गोळा करतील. ती राख सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची मानली जाईल. तिच्या वयावरून मात्र वाद चालेल. कुणी 75 हजार वर्षं सांगेल, कुणी सहा-सात लाख, एका मापनात तर 14 लाखांचा आकडा निघेल. तुम्हाला त्याचं काही नाही. तुमच्या पाठीमागच्या गवतात आत्ता काहीतरी सरकलं आहे.

हात थांबला. श्वास अडकला. मान वळलेली नाही, पण कान मागे लागले आहेत. तुम्हाला अजून भीती वाटलेली नाही, कारण वाटायला वेळच मिळालेला नाही. आवाज कानातून मेंदूच्या मध्यावरच्या थॅलॅमसपर्यंत पोचला आणि तिथून दोन वाटांनी फुटला. एक वाट लांबची, मेंदूच्या बाह्यपटलात जाऊन ‘हे काय असावं’ याचा विचार करणारी. दुसरी आखूड, थेट अमिग्डाला नावाच्या बदामाएवढ्या गाठीत शिरणारी. न्यूयॉर्कचे जोसेफ लेडू विसाव्या शतकाच्या अखेरीस उंदरांच्या मेंदूत या दोन वाटा दाखवून देतील. आखूड वाट अडाणी आहे. तिला वारा आणि वाघ यातला फरक कळत नाही. पण ती आधी पोचते.

अमिग्डालाने निरोप दिला तो मेंदूच्या देठातल्या एका करड्या गाभ्याला. त्याचं शास्त्रीय नाव पेरिअक्विडक्टल ग्रे. त्याने स्नायू जागच्या जागी आवळले आणि हृदयाचे ठोके चक्क मंद केले. भीतीने काळीज धडधडतं ते नंतर. पहिल्या क्षणी शरीर स्वतःचा आवाज कमी करून ऐकत असतं. जे जनावर हालचालीवरून सावज हेरतं, त्याच्यासमोर न हलणं हा सगळ्यात स्वस्त बचाव आहे.

गवत पुन्हा हललं. वाराच होता. तुम्ही श्वास सोडता आणि गोटा पुन्हा उचलता. उगाच दचकलात म्हणून हसू नका. दहादा फुकट दचकण्यात थोडी शक्ती जाते. एकदा दचकायचं राहिलं तर तुमच्यामागे कुणी उरत नाही. जे दचकले त्यांचीच पोरंबाळं पुढे जुन्नर-आंबेगावच्या शिवारात नांदणार आहेत, आणि त्यांच्या डोक्यात हीच आखूड वाट असणार आहे.

लेण्याद्री, इसवी सनाचं दुसरं शतक

आता तुम्ही तरुण श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, आहात. डोकं मुंडलेलं, अंगावर चीवर. खाली कुकडीचं खोरं पसरलं आहे आणि त्यापलीकडे जुन्नर नगर. नाणेघाट चढून आलेल्या बैलांचे तांडे तिथे उतरतात. घाटात जकात गोळा होते आणि तिथल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिच्या घराण्याचा लेख कोरलेला आहे. या डोंगरांत लेणी खोदायला पैसा देणारे नाना तऱ्हेचे लोक आहेत. बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी आहे, काशाची भांडी घडवणाऱ्यांची आहे, धान्यवाल्यांची आहे, आणि पाण्याची टाकी देणारा इरिल नावाचा यवनही आहे.

तुमच्या वाट्याला आलेली खोली एवढीशी. एका भिंतीला दगडाचाच ओटा, तो तुमचा बिछाना. रात्री दिवा मालवला की काळोख डोळ्यांना चिकटतो. आणि मग बाहेर फांदी मोडते.

दुसऱ्या रात्रीही मोडते. तिसऱ्या सकाळी तुम्ही थेरांपुढे, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंपुढे, जाऊन बसता.

“भन्ते, मला इथं झोप लागत नाही.”

“काय ऐकू येतं?”

“जनावर असावं.”

“असेलही. तू काय करतोस?”

“उठून दाराशी जातो. कधी शेजारच्या खोलीत जाऊन बसतो.”

थेर हसत नाहीत. ते तुम्हाला मज्झिम निकायातल्या भयभेरव सुत्ताची गोष्ट सांगतात. बोधी मिळण्याआधी सिद्धार्थ मुद्दाम भयाण रानातल्या चैत्यांपाशी रात्री जाऊन राहिले. हरीण जवळ येई, मोर काटकी पाडी, वाऱ्याने पाचोळा सळसळे आणि मनात यायचं की आलीच ती भीती. तेव्हा त्यांनी एक ठरवलं. चालताना भीती आली तर ती सरेपर्यंत चालतच राहायचं, उभं राहायचं नाही की बसायचं नाही. बसलेलं असताना आली तर बसूनच राहायचं. शरीराची स्थिती भीतीच्या सांगण्यावरून बदलायची नाही.

त्या रात्री फांदी मोडते तेव्हा तुम्ही ओट्यावरच राहता. श्वास आत घेता, त्याहून सावकाश बाहेर सोडता. बाहेर सोडलेला लांब श्वास व्हेगस नावाच्या मज्जातंतूला जोर देतो. हा तंतू मेंदूच्या देठातून निघून हृदयापर्यंत आणि पोटापर्यंत उतरतो आणि ठोके धीमे करतो. तुम्हाला त्याचं नाव ठाऊक नाही, पण त्याचा लगाम तुम्हाला सापडला आहे. काही आठवड्यांनी फांदी मोडते आणि तुम्ही कूस बदलून झोपता.

इथे डोक्यात काय झालं ते नीट बघा, कारण पुढचा सगळा प्रवास यावर उभा आहे. जुनी भीती पुसली गेलेली नाही. कपाळामागच्या पुढच्या मेंदूने एक नवा धडा शिकून अमिग्डालावर हात ठेवला आहे: हा आवाज, इथे, बिनधोक. धोक्याची आठवण खाली तशीच आहे, वर शहाणपणाचा थर चढला आहे. आणि त्या थरातला ‘इथे’ हा भाग हिप्पोकॅम्पस पुरवतो. जागेची ओळख ठेवणारा मेंदूचा भाग तोच.

याची परीक्षा पुढच्याच महिन्यात होते. तुम्हाला निरोप घेऊन नाणेघाटाकडे धाडतात. रात्री झाडाखाली मुक्काम पडतो. फांदी मोडते, आणि तुम्ही ताडकन उठून बसता. घसा कोरडा, तळवे ओले. लेणीत कमावलेला धीर लेणीतच राहिला. अठराशे वर्षांनी अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ मार्क बूटन उंदरांवर हेच दाखवतील. एका पिंजऱ्यात आवाज आणि विजेचा झटका एकत्र देऊन आवाजाची भीती बसवायची. दुसऱ्या पिंजऱ्यात नुसता आवाज पुन्हा पुन्हा ऐकवून ती घालवायची. मग उंदीर पहिल्या पिंजऱ्यात परत ठेवला की भीती जशीच्या तशी उभी. भीती शिकल्यावर ती बरोबर येते, कुठेही. धीर मात्र शिकला त्या जागेला बांधून राहतो.

उसाचं वावर, 2001

यावेळी तुम्हाला चार पाय आहेत आणि शेपूट आहे.

तुम्ही बिबट्याची मादी आहात आणि तुम्ही जंगल पाहिलेलं नाही. तुमचा जन्म उसात झाला. त्यामागचा इतिहास धरणांचा आहे. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे अशी कुकडी प्रकल्पाची धरणं एकामागून एक झाली. डिंभ्याच्या पाण्याखाली तर तालुक्याला नाव देणारं मूळ आंबेगावच गेलं. कालवे निघाले, बाजरीच्या माळावर ऊस आला, साखर कारखाने उभे राहिले. दहा-पंधरा महिने उभं राहणारं, माणसाच्या दीडपट उंच, आत गार आणि बाहेरून काही न दिसणारं पीक. त्यात डुकरं, कडेच्या वस्त्यांवर कुत्री, शेळ्या, वासरं. तुमच्या आईला याहून काही नको होतं.

तुमचं शिक्षण या वावरात झालं. मोटरचा आवाज बिनधोक. पहाटे डेअरीला दूध घेऊन जाणारी मोटरसायकल बिनधोक. बांधावरून बोलत जाणारी दोन पायांची उंच जनावरं टाळायची, ती खायची नाहीत. ती आली की दोन सऱ्या आत सरकायचं आणि पडून राहायचं. कुठल्या वस्तीवरचं कुत्रं मोकळं असतं आणि कुठल्या गोठ्याला दार नाही, हे तुम्हाला पाठ आहे. तुमचा शांतपणा म्हणजे या चार-सहा गावांचा नकाशा आहे.

मग एका रात्री शेळीचा वास येतो. शेळी एका कप्प्यात, तुम्ही दुसऱ्यात, आणि मागे लोखंडी दार धाडकन पडतं.

सकाळपर्यंत तुमच्या रक्तात ॲड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल भरून वाहतं. गजांवर डोकं आपटून कपाळ सोललं आहे. भोवती शंभर माणसं. कुणी काठीने डिवचतं आणि तुम्ही कान पाडून, दात काढून, गजांवर झेप घेता. “बघा कसलं खुनशी जनावर हाये!” असं कुणी म्हणतं.

तुमच्या डोक्यात मात्र जे चाललं आहे त्याचा शिकारीशी काही संबंध नाही. झुरिकमध्ये वॉल्टर हेस यांनी मांजरांच्या मेंदूत बारीक तारा घालून हायपोथॅलॅमसला वीज दिली, आणि शांत बसलेलं मांजर पाठ फुगवून अंगावर धावलं. 1949 साली त्यांना नोबेल मिळालं. 1960च्या दशकात अमेरिकेतल्या येल विद्यापीठात जॉन फ्लिन यांनी पुढचं पाऊल टाकलं. त्यांना मांजराच्या मेंदूत हल्ल्याच्या दोन वेगळ्या वाटा सापडल्या. हायपोथॅलॅमसच्या आतल्या भागाला वीज दिली की मांजर फिस्कारायचं, केस उभे करायचं, नख्यांनी ओरबाडायचं. हा कोंडीत सापडलेल्या जीवाचा बचाव. बाहेरच्या कडेच्या भागाला वीज दिली की तेच मांजर आवाज न करता दबा धरायचं आणि उंदराची मान पकडायचं. ही शिकार. त्यात राग नाहीच. पिंजऱ्यात तुम्ही पहिल्या वाटेवर आहात.

रात्री गाडी निघते. सुमारे चाळीस किलोमीटरवर, डोंगरातल्या जंगलात, दार उघडतं. माणसांच्या दृष्टीने तुम्ही घरी पोचलात. तुमच्या हिप्पोकॅम्पसच्या दृष्टीने तुम्ही कुठेच नाही. इथल्या प्रत्येक झाडावर दुसऱ्या बिबट्यांचा वास आहे. पाणी कुठे, कुत्री कुठे, माणसं केव्हा येतात आणि केव्हा जातात, काहीच माहीत नाही. भूक आहे, जखम आहे, तणाव आहे. ‘दोन पायांची उंच जनावरं टाळायची’ हा धडा त्या उसातल्या वासांशी, आवाजांशी, वेळांशी गुंफलेला होता. इथे त्याला आधार नाही. संधिप्रकाशात पाड्याच्या कडेला काहीतरी लहान, वाकलेलं, जमिनीलगत हलताना दिसतं. ते उंच नाही. ते दोन पायांवर नाही. तुमच्या डोक्यातली दुसरी वाट, बिनआवाजाची, उघडते.

इथे थांबूया. पुढचं बघायची गरज नाही.

जुन्नर वनविभागात त्या काळात काय झालं ते विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजलं आणि 2011 साली प्रसिद्ध केलं. 1993 ते 2001 दरम्यान माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत. 2001 पासून मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून लांबच्या जंगलात सोडायला सुरुवात झाली, असे 29 बिबटे हलवले गेले. 2001 ते 2003 या काळात हल्ले वर्षाला सरासरी 17 वर गेले आणि त्यातल्या जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाण दुप्पट झालं. जागा बदलण्याचा ताण आणि अनोळखी मुलूख यांकडे संशोधकांनी बोट दाखवलं. बिबट्याच्या डोक्यात तारा घालून हे कुणी तपासलेलं नाही, तपासणारही नाही. पण उंदराच्या, मांजराच्या आणि माणसाच्या मेंदूबद्दल जे कळलं आहे, ते याच दिशेला जातं.

माळशेज घाट, 2009चा उन्हाळा

पुन्हा चार पाय, पण यावेळी तुम्ही नर आहात आणि वयस्कर आहात. पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला तुम्ही विहिरीत पडलात. काढणाऱ्यांनी तुमचा शांतपणा बघून तुम्हाला ‘आजोबा’ म्हणायला सुरुवात केली. गळ्यात जीपीएसचा पट्टा घालून तुम्हाला माळशेजला सोडलं आहे.

तुम्ही थोडं हुंगता आणि पश्चिमेला निघता.

मेंदूत जागेच्या पेशी असतात. उंदीर एका विशिष्ट कोपऱ्यात आला की हिप्पोकॅम्पसमधली एक विशिष्ट पेशी पेटते, हे जॉन ओकीफ यांनी 1971मध्ये दाखवलं. नकाशाच्या रेघांसारख्या पेशी 2005मध्ये मोझर दांपत्याने शोधल्या. 2014चं नोबेल तिघांना मिळालं. तुम्हाला नोबेलशी कर्तव्य नाही. तुम्ही घाट उतरता, महामार्ग ओलांडता, रेल्वेमार्ग ओलांडता, पाणी पोहून जाता. रस्ता माणसांनी गच्च भरलेला आहे, आणि तुम्ही त्यातल्या एकालाही हात लावत नाही. दिवसा झुडपात पडून राहायचं, रात्री चालायचं. सुमारे 120 किलोमीटर चालून तुम्ही मुंबईच्या उत्तरेला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोचता. तुम्ही मूळचे तिकडचेच असावेत, असा संशोधकांचा कयास आहे. 2011मध्ये रस्त्यावर गाडीच्या धडकेने तुमचा शेवट होईल. 2014मध्ये तुमच्या नावाचा मराठी सिनेमा येईल.

मादी आणि आजोबा, दोघंही परक्या जागी सोडलेली. म्हणून हलवलेला प्रत्येक बिबट्या माणसावर जातो, असं म्हणणं चूक ठरेल. मेंदू ठोकळा नाही. पण दोघांच्या डोक्यात प्रश्न एकच होता: मी कुठे आहे? एकाकडे त्याचं उत्तर होतं.

वाटेत तुम्ही शेंदूर फासलेल्या एका दगडावरून गेलात. तो वाघोबा. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातले महादेव कोळी आणि त्यांचे शेजारी दिवाळीच्या तोंडावर वाघबारस पाळतात. गुरं राखणाऱ्यांचा हा सण. रानाच्या कडेला वाघोबाला नैवेद्य द्यायचा आणि गुरांना राखण मागायची. हे शास्त्र नाही आणि तसा दावाही कुणी करत नाही. पण लहानपणापासून वर्षातून एकदा त्या दगडापाशी उभं राहिलेल्या पोराला एवढं पक्कं कळतं की हद्द कुठे आहे आणि हद्दीपलीकडे कोण आहे.

नारायणगावच्या पुढचं शिवार, आत्ता, रात्रीचे दोन

आता तुम्ही तुम्हीच आहात. पायात गमबूट, हातात फावडं, डोक्याला बॅटरी. या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची आहे, म्हणून दारं धरायला रात्री यावं लागलं. निघताना तात्या म्हणाले होते, “मोबाइलवर गाणी लाव मोठ्यांदा. आन् वाकून काम करू नको, उभ्यानं कर.” वाकल्याशिवाय सरीचं दार फुटत नाही, हे त्यांनाही माहीत आहे.

तुम्ही वाकता. गाणं संपतं. पुढचं सुरू व्हायच्या मधल्या शांततेत पाचट वाजतं.

बोरीच्या काठावर जे झालं तेच होतं. हात थांबतो, श्वास अडकतो, ठोके मंदावतात. बॅटरी वळते आणि दोन हिरवट डोळे चमकतात. अंतर असेल तीसेक पावलं.

लंडनमध्ये डीन मॉब्झ आणि सहकाऱ्यांनी 2007मध्ये एक प्रयोग केला. मेंदूची छायाचित्रं घेणाऱ्या यंत्रात माणसांना झोपवून पडद्यावरच्या चक्रव्यूहात त्यांचा पाठलाग करवला. पकडले गेले की खराखुरा विजेचा झटका. पाठलाग करणारा लांब होता तेव्हा कपाळामागचा, हिशेब करणारा मेंदू कामात होता. तो जसा जवळ आला तसं काम सरकत सरकत मेंदूच्या देठातल्या त्या करड्या गाभ्याकडे गेलं. म्हणजे शहाणपण आणि घबराट हे माणसाचे कायमचे गुण नाहीत. बऱ्याच अंशी ते अंतराचे गुण आहेत. तीस पावलांवर तुम्ही अजून विचार करू शकता. पाच पावलांवर तुमच्या वतीने दुसरं कुणीतरी ठरवेल.

म्हणून तीस पावलं आहेत तोवर करा. सरळ उभे राहा, फावडं वर धरा. पळू नका. पाठ दाखवून पळणारं शरीर त्याच्या डोक्यातली बिनआवाजाची वाट उघडतं. तोंड त्याच्याकडे ठेवून, मोठ्याने बोलत, एक-एक पाऊल मागे सरका. त्याला जायला बाजू मोकळी ठेवा. श्वास लांब सोडा, लेणीत सापडलेला तो लगाम अजून चालतो.

डोळे विझतात. पाचट वाजत वाजत लांब जातं.

आता काळीज धडधडायला लागतं. ॲड्रेनालिन काही सेकंदांत कामाला लागलं होतं. कॉर्टिसॉल आत्ता कुठे चढतंय, त्याला वीस मिनिटं लागतात. घरी जाईपर्यंत ते तुमची आठवण पक्की करत राहील: पाचटाचा आवाज, ओल्या मातीचा वास, संपलेलं गाणं. उद्यापासून हे गाणं लागलं की हात थांबेल.

मोटरच्या खोलीकडे परतताना कारखान्याच्या रस्त्यालगत कोप्या दिसतात. पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या. बीड, आष्टी, पाथर्डीकडून आलेले ऊसतोड मजूर त्यात झोपलेत. पहाटे चारला उठून ते उसात शिरतील, पोरं कोपीतच राहतील. तुमच्याकडे या शिवाराचा नकाशा आहे. कुठल्या ओढ्यातून जनावर येतं, कुणाचं कुत्रं केव्हा भुंकतं, हे तुम्ही जन्मापासून शिकलात. त्यांना इथे येऊन थोडेच दिवस झालेत, आणि शिकून होईपर्यंत फड संपून गाडी पुढच्या गावाला लागेल. 2001 साली जंगलात सोडलेल्या त्या मादीची आणि त्यांची अवस्था या एका बाबतीत सारखी आहे. दोघांनाही परक्या जागी आणून सोडलेलं आहे.

ग्रामपंचायतीचं सभागृह, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी

सकाळी घोळ झाला. तुमचा व्हिडिओ नसतानाही बातमी पसरली. दोनशे माणसं उसाला वेढा घालून उभी राहिली. बिबट्याला जायला वाट उरली नाही. तो बाहेर आला तो कान पाडून, दोघांना ओरबाडून गेला. फ्लिनच्या मांजराची पहिली वाट. आता सगळे म्हणतायत की जनावर नरभक्षक आहे.

खुर्चीवर वनरक्षक बसले आहेत. समोर अर्जाचा कागद.

“पिंजरा लावा!” मागून आवाज येतो. “किती येळा सांगायचं?”

हा आवाज चुकीचा म्हणता येत नाही. ज्यांच्या घरातलं लेकरू गेलं त्यांना मज्जासंस्थेवर व्याख्यान देण्याचा अधिकार कुणालाही नाही. 2025च्या हिवाळ्यात शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेडच्या बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जात होत्या. भीती त्या टोकाला पोचली होती. बिबट्यांची संख्या वाढली आहे, ऊस वाढला आहे, आणि एखादं जनावर माणसाची शिकार करायला शिकलं तर त्याला पकडावंच लागतं.

तुम्ही उभे राहता.

“साहेब, पिंजरा लावा. पण धरलेला कुठं सोडणार ते आधी सांगा.”

“का? लांब सोडू.”

“लांब म्हंजे दुसऱ्या कुणाच्या तरी दारात. 2001ला तेच झालं की.”

वनरक्षकांना ते ठाऊक आहे. माणिकडोहचं निवारा केंद्र अशाच, परत सोडता न आलेल्या बिबट्यांनी भरलं. त्यांच्या खात्याने त्यानंतर बरंच शिकून घेतलं. आता ऊसतोडीत बछडी सापडली की ती उचलून नेत नाहीत. ज्या सरीत सापडली त्याच सरीत संध्याकाळी क्रेटमध्ये ठेवतात आणि माणसं लांब जातात. रात्रीतून मादी येते आणि एकेक करून घेऊन जाते. जागा तीच ठेवली की आईचा मेंदू उरलेलं काम करतो.

“मग तुमची मागणी काय? लिहून द्या,” ते म्हणतात.

“दिवसा लाईट. उसाला पाणी दिवसा दिलं तर रात्री वाकायला कोण जातंय?”

“ते आमच्या खात्याचं नाही, भाऊ. महावितरणचं.”

“तुमच्या कागदावर तर घ्या.”

ते लिहितात. मग मागण्या भराभर येतात. गोठ्यांना जाळी आणि कडी. वस्तीच्या कडेला दिवे. उकिरडे गावाबाहेर, म्हणजे कुत्री वस्तीपाशी जमणार नाहीत. बिबट्या दिसला तर गर्दी हटवायला पोलीस, आणि उसाची एक बाजू मोकळी. शाळेत पोरांना शिकवायचं की पळायचं नाही, खाली बसायचं नाही, मोठ्यांच्या मधून चालायचं. यातली एकही गोष्ट बिबट्याचा किंवा माणसाचा स्वभाव बदलत नाही. सगळ्या मिळून एवढंच करतात की दोघांची गाठ पडते तेव्हा अंतर तीस पावलांचं राहावं, पाचाचं होऊ नये.

वनरक्षक कागद उचलून वाचायला लागतात, तेवढ्यात भिंतीशी बसलेल्या आजी हात वर करतात.

“आन् त्या कोप्यांचं काय लिवलं?”

“कुठल्या, आजी?”

“तोडवाल्यांच्या. ती पोरं पाचटात निजत्यात. तुमच्या गोठ्याला जाळी मागताय, त्यांना दार तरी मागा.”

सभागृहात कुजबुज होते. कुणीतरी म्हणतं की ते आपल्या गावचे नाहीत. कुणीतरी विचारतं की खर्च कोण करणार.

“कारखान्यानं करावा,” आजी म्हणतात. “ऊस त्यांचा, तोड त्यांची, मानसंबी त्यांनीच आणली.”

तुम्ही वनरक्षकांच्या हातातला कागद मागून घेता आणि ते कलम सगळ्यात वर लिहिता.